घावन का चिकटते?

घावनाची कृती सांगायला एक वाक्य पुरते. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, चवीपुरते मीठ घालायचे आणि तापलेल्या तव्यावर ओतायचे. अंडे नाही, दूध नाही, सोडा नाही, आंबवून वाट पाहणे नाही. घरात दुसरे काही नसले तरी तांदूळ असतोच. म्हणून अवेळी पाहुणे आले, भाकरी थापायला सवड नसली किंवा सहरीला काहीतरी गरम हवे असले, की कोकणातल्या आपल्या घरांत घावनाचा तवा चुलीवर चढायचा.

आता तो तवा माळ्यावर गेला आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत सासूबाई सुरेख घावने करतात आणि सून करत नाही. कारण विचारले की सून म्हणते, "माझ्याकडून चिकटतात." सासूबाई मान हलवतात, "त्याला हात लागतो." विषय तिथेच संपतो आणि दुसऱ्या दिवशी न्याहरीला पाव येतो. सासूबाई गावी गेल्या की घावनही त्यांच्याबरोबर गावी जाते.

हा 'हात' मला कधीच पटला नाही. ज्यांना हात आहे असे आपण म्हणतो त्या बायका नेमके काय करतात, हे जवळ उभे राहून पाहावे. त्या ठरावीक तांदूळ घेतात, पीठ ठरावीक पातळ ठेवतात, तवा ठरावीक तापवतात आणि तो दुसऱ्या कशाला वापरू देत नाहीत. चाळीस वर्षे करून हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यांना ते शब्दांत सांगता येत नाही. "अंदाजाने घाल," म्हणतात. तो अंदाज मोजून दाखवला, तर सून काय, आखातात खोलीवर राहणारा मुलगाही घावन करू शकतो.

आधी तव्यावर काय घडते ते पाहू. गव्हाच्या पिठात पाणी पडले आणि ते मळले की ग्लूटेनचे ताणले जाणारे जाळे तयार होते, म्हणून चपाती लाटता येते. तांदळात ग्लूटेन नाही. घावनाला धरून ठेवतो तो फक्त तांदळातला स्टार्च. साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना धरून त्यांचा पापुद्रा बनतो. तवा चांगला तापलेला असेल तर पीठ टेकताक्षणी हा पापुद्रा धरतो. त्याच वेळी खालच्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्र्यातून वाट काढत वर येते. जिथून ती निघाली तिथे भोक राहते. हीच घावनाची जाळी.

तवा कोमट असेल तर सगळे उलटे होते. पीठ तव्याच्या खरखरीत अंगात आधी मुरते आणि मग तिथेच संथपणे शिजते. शिजलेल्या तांदळाचा स्टार्च किती चिकटतो हे सुती कपड्यांना पेजेची खळ घालणाऱ्यांना सांगायला नको. तव्यावर आपण नकळत तीच खळ घालत असतो. म्हणून ज्या घावनाला जाळी पडली ते बहुधा आपोआप सुटते, आणि जे सपाट, पांढरे राहिले त्याला उलथण्याने कितीही खरवडले तरी ते फाटूनच येते.

जाळीचे हे गणित आपल्यापुरतेच नाही. मोरोक्कोत बग्रीर नावाचे रव्याचे घावन करतात, रमजानमध्ये तर हमखास. ते एकाच बाजूने भाजतात. वरची बाजू भोकांनी भरून जाते आणि त्या भोकांत लोणी-मध मुरतो. अरब घरांत रमजानमध्ये होणारे कतायेफही आधी एकाच बाजूने भाजून मग त्यात सारण भरून दुमडतात. बग्रीरमध्ये खमीर असते, तेव्हा भोके पाडायला त्याचे साहाय्य मिळते. आपल्या घावनात सगळे काम एकट्या वाफेचे, म्हणून तव्याची आच सांभाळणे अधिकच महत्त्वाचे.

तांदूळ कोणता?

जुना आणि मोकळा शिजणारा. कोलम चालतो, भाकरीसाठी आपण घेतो तो जाडा तांदूळही चालतो, रेशनचा जुना तांदूळ तर उत्तम. इंद्रायणी आणि आंबेमोहर खायला कितीही गोड लागोत, घावनाला नकोत. भात करताना जो तांदूळ एकमेकांना चिकटतो तो तव्यालाही चिकटतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे. याचे कारण स्टार्चच्या जातीत आहे. तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो. त्यातला अमायलोज नावाचा जास्त असला की भात मोकळा होतो, कमी असला की गिच्च. नवा तांदूळही असाच मऊ आणि चिकट शिजतो, म्हणून सुगीनंतर लगेच आलेल्या तांदळाची घावने बिघडली तर स्वतःला दोष देऊ नये.

कुवेतला नोकरीला असलेल्या भाच्याने एकदा फोनवर आवाज पाठवला, "खाला, पाचवं पण चिकटलं. पाणी वाढवलं, तवा बदलला, काहीच होत नाही." मी त्याला पिठाच्या पाकिटाचा फोटो मागितला. पाकिटावर तांदळाचे पीठ असेच लिहिले होते, पण आधी एक शब्द होता: ग्लूटिनस. पूर्व आशियातल्या चिकट तांदळाचे ते पीठ. त्यात अमायलोज जवळजवळ नसतोच, त्याचे लाडवासारखे गोड पदार्थ करतात. नावात ग्लूटिनस असले तरी त्यात ग्लूटेन नसते. तो शब्द फक्त चिकटपणा सांगतो. परदेशात राहणाऱ्यांनी हा शब्द पाकिटावर पाहून घ्यावा. साधे पीठ आणल्यावर त्याचे तिसरे घावन सुटले, आणि तो फोटोही आला.

दुकानातले साधे पीठ चालते, पण पुष्कळदा ते रवाळ असते आणि पाण्यात लवकर खाली बसते. त्यापेक्षा तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन, निथळून, सावलीत फडक्यावर वाळवून गिरणीतून बारीक दळून आणावा. गिरणीवाल्याला "तांदळावर दळा" असे सांगायला विसरू नये. आधी गहू दळलेला असेल तर पहिला मूठभर गहू आपल्या पिठात येतो. असे पीठ कोरड्या डब्यात महिनाभर सहज राहते.

ज्यांना वेळ आहे त्यांनी तांदूळ भिजवून वाटावा. मला स्वतःला वाटलेल्या तांदळाचेच घावन आवडते. ते अधिक मऊ होते आणि गार झाल्यावरही लवकर कडक होत नाही. एक वाटी तांदूळ रात्री भिजत घालावा, सकाळी निथळून अर्धी-पाऊण वाटी पाण्याबरोबर अगदी गंधासारखा वाटावा. दोन बोटांत चोळून कण लागता कामा नये. वाटताना मूठभर ओले खोबरे टाकले तर घावन आणखी मऊ होते. मंगळूरकडे नीर डोसा म्हणतात तो जवळजवळ हाच. नीर म्हणजे पाणी, आणि त्या नावातच अर्धी कृती आली.

पाणी

बहुतेक जणी चुकतात त्या इथे, आणि चूक नेहमी एकाच दिशेची असते. पीठ घट्ट राहते. डोशाची किंवा धिरड्याची सवय असलेल्या हाताला घावनाचे पीठ पाहून भीतीच वाटते, "इतके पातळ कसे होईल?" पण ते इतके पातळच हवे. एक वाटी कोरड्या पिठाला दोन वाट्या पाणी लागते, पीठ जुने असेल तर वर दोन-चार चमचे आणखी. वाटलेल्या तांदळाला वाटतानाचे धरून सव्वादोन वाट्यांपर्यंत. मीठ अर्ध्या चहाच्या चमच्याच्या आतबाहेर. मिश्रण ताकाइतके पातळ असावे. पळी बुडवून उचलली तर तिच्यावर दाट थर न राहता फक्त दुधासारखी पांढरट झाक राहावी.

सगळे पाणी एकदम ओतू नये. आधी पाऊण वाटीत गुठळ्या मोडून घ्याव्यात, मग बाकीचे घालावे. त्यानंतर वीस मिनिटे झाकून ठेवावे. कोरड्या पिठाचे कण या वेळात पाणी पितात आणि मिश्रण थोडे दाटते. आता पुन्हा पाहून पाणी वाढवावे. वाटलेल्या तांदळाला थांबायची गरज नाही.

आणि प्रत्येक घावनापूर्वी पीठ तळापासून ढवळायचे. तांदळाचे पीठ पाण्यात विरघळत नाही, नुसते तरंगते आणि दोन मिनिटांत खाली बसू लागते. न ढवळता वरवरचे घेत गेलात, तर पहिली चार घावने पाणचट आणि फाटकी, शेवटची चार जाड आणि चामट. पहिली दोन बिघडली म्हणून कुणी पातेल्यात मूठभर पीठ टाकते आणि मग पुढची सगळीच बिघडतात. आधी ढवळून पाहावे, पीठ नंतर वाढवावे.

तवा

घावनाला बिडाचा तवा सर्वांत चांगला. तो जाड असतो, सावकाश तापतो आणि गार पीठ पडले तरी चटकन निवत नाही. नवा तवा मात्र लगेच घावन देत नाही, त्याला तयार करावे लागते. आधी धुऊन आचेवर पूर्ण कोरडा करावा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा, निवू द्यावा, पुन्हा तेल, पुन्हा आच. असे तीन-चार वेळा, जमल्यास दोन-तीन दिवसांत विभागून. कडक तापलेल्या तेलाचा हळूहळू घट्ट, काळसर, गुळगुळीत थर बनतो. तो लोखंडाची सगळी बारीक छिद्रे बुजवतो. आपण ज्याला मुरलेला तवा म्हणतो तो हाच थर.

या तव्यावर चपाती-भाकरी भाजू नये. कोरड्या आचेने थर जळतो आणि वर पीठ चिकटून राहते. जुन्या घरांत घावनाचा तवा वेगळा असायचा आणि त्याला कुणी हात लावला की घरात बोलणी बसायची, ती काही उगीच नव्हती. तव्याला तारेच्या घासणीने घासू नये, पाण्यात भिजत ठेवू नये.

नॉनस्टिक तव्यावर घावन सुटते, यात शंका नाही. पण तो रिकामा असताना मोठ्या आचेवर ठेवू नये. साधारण 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो आणि रिकामा तवा तिथे काही मिनिटांत पोहोचतो. नॉनस्टिकवर मध्यम आच ठेवून पीठ ओतावे. जाळी बिडाच्या तव्याइतकी येत नाही, पण पोट भरते.

बिडाचा तवा मध्यम आचेवर पाच-सात मिनिटे तापवावा. पाण्याचे थेंब शिंपडले तर ते चर्र आवाज करून तत्काळ उडाले पाहिजेत. थेंब तव्यावर बसून बुडबुडे काढत राहिले तर थांबावे. तेल लावायला अर्धा कांदा काट्याला टोचून घ्यावा. कापलेली बाजू तेलात टेकवून तव्यावर फिरवली की जळके कण निघतात आणि तेल जेवढे हवे तेवढेच लागते. नारळाच्या शेंडीचा ब्रशही चालतो. तेल थबथबलेले नको. जास्त तेलावर पीठ घसरते, एका जागी साचते आणि जाळी बसत नाही. चिकटेल या भीतीने तेल ओतत राहणे हा घावन बिघडवण्याचा दुसरा हमखास मार्ग.

आता ओतणे. आच मोठी करावी, पीठ ढवळावे, पळी किंवा वाटी थोडी उंच धरून आधी तव्याच्या कडेने गोल ओतावे आणि मग मध्याकडे यावे. पळीने पसरवायला जाऊ नये. पीठ पडताक्षणी धरलेले असते, तुम्ही पसरवता म्हणजे फाडता. मध्ये मोकळी जागा राहिली तर तिथे थोडे पीठ सोडावे. पातळ घावन थोडे वेडेवाकडे दिसले तरी चालते. आच मध्यम करून झाकण ठेवावे. झाकणाखालच्या वाफेने वरची बाजू शिजते. एक-दीड मिनिटात पांढरे, ओले पीठ दिसेनासे होते आणि कडा स्वतःहून वर उचलतात. कडा सुटण्याआधी उलथणे लावू नये. हवे तर उलटून दहा-पंधरा सेकंद ठेवावे, नाहीतर तसेच काढावे.

काढलेली घावने ताटात लगेच एकावर एक रचू नयेत. आतली वाफ अडकते, पाणी सुटते आणि त्यांचा लगदा होतो. चाळणीवर किंवा रोवळीत फडके पसरून अर्धा मिनिट वाफ जाऊ द्यावी, मग चौघडी करून ठेवावे.

मध्यम वाटीभर पिठात सात-आठ घावने होतात. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी तीन धरली तर पंधरा घावने, आणि एकेकाला दोन मिनिटे म्हणजे अर्धा तास. हा अर्धा तास कोण उभे राहते, हेही घावन घरातून जाण्याचे एक कारण आहे. गरम-गरम घावन एकेक करून दस्तरखानावर जाते, सगळे "आणखी एक" म्हणतात आणि करणारी शेवटी गार झालेली दोन घेऊन ओट्याशी उभी राहूनच खाते. माझ्या मते यावर उपाय दोन. एक, दोन शेगड्यांवर दोन तवे. एकावर झाकण असताना दुसऱ्यावर ओतता येते आणि वेळ जवळजवळ निम्मा होतो. दुसरा, निम्मी घावने झाली की पळी दुसऱ्याच्या हातात द्यावी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे सहज जमते, आणि ढवळणे, ओतणे, झाकणे यात त्याला गंमतही वाटते. पुढे शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेर पडल्यावर त्याला ते उपयोगी पडते ते वेगळेच.

बरोबर काय खावे, हे घरोघरचे वेगळे. गोडाला गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस, तिखटाला ओल्या खोबऱ्याची चटणी, काळ्या वाटाण्यांची उसळ, कालचे कोंबडीचे किंवा मटणाचे सालन. सहरीसाठी घावनावर झाकण ठेवण्याआधी अंडे फोडून चमच्याने पसरवावे, वर मीठ-मिरी. पोटाला आधार राहतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. नुसते घावन म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च आहे, रक्तातली साखर तो चटकन वाढवतो. घरात मधुमेह असलेले असतील तर त्यांनी एक-दोनवर थांबावे, बरोबर अंडे, मासे किंवा उसळ घ्यावी आणि नारळाचा गोड रस टाळावा. पिठात एकतृतीयांश नाचणी मिसळली तर तंतू आणि कॅल्शियम वाढते. नाचणीतही ग्लूटेन नाही, त्यामुळे जाळी तशीच पडते, फक्त रंग चॉकलेटी होतो. मुलांना तोच रंग जास्त आवडतो असा माझा अनुभव आहे.

मुलांचे नाव निघाले म्हणून त्यांच्या पॅनकेकबद्दल थोडेसे. मोबाइलवर पाहून ती जाड, फुगीर पॅनकेक मागतात आणि आपण तयार पाकीट आणतो. पाकिटाची गरज नाही. एक वाटी मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर, एक अंडे, पाऊण वाटी दूध आणि चमचाभर वितळलेले लोणी, एवढे पुरे. पण इथे घावनाचे सगळे नियम उलटतात. मैद्यात ग्लूटेन आहे, म्हणून जितके फेटाल तितके ते रबरासारखे होते. कोरडे आणि ओले एकत्र करून चमच्याने दहा-बारा वेळा फिरवावे, बारीक गुठळ्या राहू द्याव्यात, दहा मिनिटे ठेवून मंद-मध्यम आचेवर भाजावे. वर बुडबुडे फुटून त्यांची भोके तशीच राहिली की उलटावे, एकदाच. व्हॅनिलाच्या जागी वेलची घालावी. परदेशात मिळणाऱ्या खऱ्या व्हॅनिलाच्या अर्कात अल्कोहोल असते, त्यामुळे तिकडच्या वाचकांना तो प्रश्नच उरत नाही. आणि हो, पॅनकेक बिघडला तर "हात नाही" असे त्या मुलांना कुणी म्हणत नाही, पुन्हा करून पाहा म्हणतात.

शेवटचे घावन निघाले की तवा लगेच पाण्याखाली धरू नये. तापलेले बीड गार पाण्याने तडकू शकते. तो आपोआप निवू द्यावा, ओल्या फडक्याने पुसावा, पुन्हा मिनिटभर आचेवर कोरडा करावा आणि कांद्याच्या त्याच तुकड्याने तेलाचा पातळ हात फिरवून भिंतीला टांगावा, म्हणजे पुढच्या खेपेला तो माळ्यावरून शोधावा लागणार नाही.